पहिल्या दिवशी मठ्ठ

मंजुषाचं आणि कॉर्मक ड्वायरचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, आणि गाफ फुटबॉल क्लबात ही गोष्ट हिरवळीवर पाणी मारणाऱ्या माळ्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती.

मंजुषाला कुणाचं उत्तर उधार ठेवायची सवयच नव्हती. चिंचवडला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती तेव्हा तिने एका नगरसेवकाला त्याच्या दुखऱ्या कमरेसकट रांगेत उभं केलं होतं. नवरा प्रकाश युनिव्हर्सिटीत नोकरीला लागला म्हणून अमिरातीतल्या अल ऐनला आली, मुलगी शुभ्रा इथेच वाढली, तरी बाईच्या जिभेची धार काही बोथट झाली नाही. आधी इथल्या एका हॉस्पिटलात आणि मग या दुसऱ्या फळीतल्या फुटबॉल क्लबात ती लागली. पुरुषांच्या टीमसोबत ती एकटी बाई. पोरं तिला वचकून असायची आणि ती नको म्हणाली तरी तिला 'डॉक्टर' म्हणायची. फक्त कॉर्मक तिला 'मँडी' म्हणायचा. तिने त्याला दोनतीनदा आपलं नाव फोडून सांगितलं होतं. तो म्हणाला, एवढ्या लांब नावात आमचे तीन खेळाडू बसतील.

तर हा कॉर्मक. सदतीस वर्षांचा आयरिश गडी. क्लबाने आणलेला सेंटर-बॅक, म्हणजे गोलच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहणारा बचावपटू. नाक दोन ठिकाणी वाकलेलं, पुढचे दात नकली, डाव्या भुवईवर टाक्यांची गर्दी. उपचारांच्या टेबलावर पालथा पडला की त्याचं करिअर सुरू व्हायचं आणि ऐकणाऱ्याची सुटका नसायची. वॉटरफर्डला त्याच्या बापाने शेडच्या तुळईला दोरीने बॉल टांगला होता आणि पोराने तो शंभर वेळा डोक्याने मारल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, असा घरचा नियम होता. सोळाव्या वर्षी तो बोटीने इंग्लंडला गेला, मोठ्या खेळाडूंचे बूट पुसले, आणि तीन वर्षांनी क्लबाने नारळ दिला. मग खालच्या लीग, पावसाळी गावं, चिखल. सगळ्यात वरच्या लीगमध्ये एकच सीझन मिळाला, तोही टीम तळाला जाऊन बाहेर फेकली गेली तो. आयर्लंडच्या हिरव्या जर्सीत चारपाच मॅचेस, आणि त्यात कॉर्नरवरून डोक्याने मारलेला एक गोल, जो तो अजूनही टेबलावर पालथ्या पालथ्या मारून दाखवायचा. पुढे स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया, एक वर्ष गोवा, आणि शेवटी हे वाळवंटातलं गाव. गोव्याची कमाई म्हणून त्याला 'चलो चलो' एवढं येत होतं आणि ते तो मंजुषाला मुद्दाम ऐकवायचा.

पाय दुय्यम, असं त्याचं म्हणणं. कपाळावर टिचकी मारून तो सांगायचा की वीस वर्षं पोट भरलं ते याच्यावर.

बाकी त्याच्याकडे होतं काय? लग्न मोडलेलं. बाप गेलेला आणि ते शेड, ते घर बहिणीच्या नावावर. सकाळी उठून जायला एक मैदान, एवढीच इस्टेट. त्याची एकच इच्छा उरली होती आणि तीही त्याने टेबलावरूनच दहा वेळा ऐकवली होती: टीमला वरच्या लीगमध्ये चढवायचं आणि शेवटच्या मॅचची शिटी झाली की स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर पडायचं. कुणी बदली म्हणून बाहेर काढायचं नाही, कुणी स्ट्रेचरवरून न्यायचं नाही. चालत.

आणि मंजुषाने एप्रिलमध्ये नेमकं त्याला बाहेर काढलं.

मॅच मोक्याची होती. बरोबरी झाली असती तरी टीम वर चढत होती. दुसऱ्या हाफमध्ये एका कॉर्नरला कॉर्मक उडाला, समोरचाही उडाला, आणि दोन कवट्या एकमेकींवर आदळल्याचा आवाज बाकापर्यंत आला. मंजुषा बॅग घेऊन धावली. तो उठून बसला, तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि हळूच म्हणाला, "आपण कुठल्या बाजूला गोल मारतोय?"

तिने क्षणाचाही विलंब केला नाही. रेफरीला हात केला आणि त्याला बाहेर काढलं. तो तिच्या अंगावर ओरडत होता, शिव्या देत होता, तिने दंड धरून त्याला बाकावर बसवला. त्याच्या जागी आलेला पोरगा घाबरट होता. थोड्याच वेळात त्याच्या डोक्यावरून बॉल गेला, जिथे कॉर्मक असता तिथे कुणी नव्हतं, आणि गोल झाला. वर चढणं खलास.

दुसऱ्या दिवशी कॉर्मकच्या डोक्याची परीक्षा घेतली. ही परीक्षा अशी असते. सीझनच्या आधी, डोकं धड असताना, प्रत्येक खेळाडूला दहा शब्द वाचून दाखवायचे आणि त्याने ते परत म्हणायचे. मग वर्षाचे महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. आलेले मार्क जपून ठेवायचे. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, फक्त शब्द वेगळे. मार्क पहिल्याइतके आले तर खेळ, कमी आले तर घरी बस. कॉर्मकला ऑगस्टमध्ये दहातले सात शब्द आले होते. मार बसल्यावरही सातच आले. क्लबचे डॉक्टर हिशाम, स्वभावाने भला इजिप्शियन माणूस, त्यांनी खांदे उडवले. कागदावर माणूस ठणठणीत होता आणि फिजिओने उगाच मॅच घालवली होती.

ऑफिसात बोलावून मंजुषाला समज देण्यात आली. ती तिने एक वेळ गिळली असती. पण त्याच संध्याकाळी उपचारांच्या खोलीत, सगळी टीम असताना, कॉर्मक दारात उभा राहून म्हणाला, "तू पाठी चोळ, मँडी. फुटबॉल आमच्यावर सोड."

तिने सगळ्यांसमोर सांगितलं की कुठल्या बाजूला गोल मारायचा हे तू मला विचारलंस. तो शांतपणे म्हणाला की बाई खोटं बोलते. मैदानात ते वाक्य दुसऱ्या कुणी ऐकलंच नव्हतं. पोरांनी माना खाली घातल्या. मंजुषाचा त्या दिवशी जो संताप झाला तो उतरलाच नाही. खोटारडी हा शब्द तिला आयुष्यात कुणी लावला नव्हता, आणि लावला तो चोरानेच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

प्रकाशने समजावून पाहिलं. आपण परक्या मुलखात नोकरीला आलेली माणसं, जाऊ दे ना, वगैरे. ती म्हणाली की तुझ्या लॅबमध्ये उंदीर तुला खोटारडा म्हणत नाहीत, म्हणून तुला हे सोपं आहे. प्रकाशने पेपर उघडला. तो बहुतेक वेळा उघडायचा.

उलगडा झाला तो जुलैत, दुबईतल्या करामाला किराणा आणायला जाताना, गाडीत. शुभ्राच्या शाळेत पळण्याची फिटनेस टेस्ट असते, वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. मागच्या सीटवरून फोनमधलं डोकं न काढता पोरगी सांगत होती की पहिल्या वेळी ती आणि तिच्या मैत्रिणी मुद्दाम हळू पळतात.

"ममा, एव्हरीबडी डज इट. यू गो स्लो द फर्स्ट टाइम, सो यू ऑल्वेज इम्प्रूव्ह."

एरवी मंजुषाने तिला फैलावर घेतलं असतं. या वेळी ती समोरच्या रस्त्याकडे बघत बसली. पहिल्या दिवशी मुद्दाम हळू. तिला कॉर्मकच्या परीक्षा आठवल्या. त्याने कुठले शब्द गाळले होते? शेवटचे. दर वेळी पहिले सात खडाखड म्हणायचा आणि शेवटच्या तिनांना हात वर करायचा. पण खरं विसरणारा माणूस असा विसरत नाही. सुरुवातीचं लक्षात राहतं, शेवटचं तर ताजंच असतं, आणि मधलं गळतं. प्रकाशला वाण्याकडे पाठवलं की तोही मधलंच विसरून येतो. हा गडी विसरत नव्हता, मोजून थांबत होता. ऑगस्टमध्ये मुद्दाम कमी मार्क घ्यायचे, म्हणजे पुढे डोकं आपटून मेंदू हलला तरी तेवढे येतातच आणि कुणी बाहेर काढत नाही.

तिला त्या गाडीत अक्षरशः हसू फुटलं. तिने ठरवून टाकलं, आता शेंडी तुटो की पारंबी, या माणसाला सगळ्यांसमोर उघडा पाडायचा. त्याच्या डोक्याची काळजी त्यात होती का? होती, थोडीशी. बाकी सगळा राग होता, आणि तो तिला गोडच वाटत होता.

ऑगस्टमध्ये सीझनची तयारी सुरू झाली. कॉर्मकचा करार संपला होता आणि त्याला आणखी एकच वर्ष हवं होतं. क्लबही तयार होता, मेडिकल तेवढं बाकी होतं. हे सगळं सांगायला नोमान तिच्या खोलीत आला. नोमान मूळ म्हसळ्याचा. टीमचे व्हिसा, तिकिटं, हॉटेलं, सगळी उस्तवार त्याच्याकडे. क्लबात मराठी बोलणारी ही दोनच माणसं, त्यामुळे आतल्या गोष्टी ती बिनधास्त मोठ्याने बोलत.

त्याचं म्हणणं साधं होतं. तो तिला म्हणाला, "ताई, कोच बोलतो डिफेन्समध्ये दुसरा माणूस नाय. तुम्ही नि डॉक्टरसाबनी ओके दिला की मी आजच साइन घेतो. झालं गेलं खलास समजा ना."

मंजुषा म्हणाली की ओके मिळेल, पण परीक्षा मी घेईन, आणि तुम्ही समोर बसायचं. नोमानने कपाळावर हात मारला, पण बसतो म्हणाला.

मग ती कॉर्मकला गाठायला जिममध्ये गेली. तो एकटाच सायकल मारत होता. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं की तुझी युक्ती मला कळली आहे, तू शेवटचे शब्द मोजून गाळतोस. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो हसला. पायडल न थांबवता त्याने सगळं कबूल केलं, वर अभिमानाने. इंग्लंडात एका म्हाताऱ्या डिफेंडरने त्याला ही विद्या दिली होती. पहिल्या दिवशी मठ्ठ राहायचं, म्हणजे उरलेलं वर्ष हुशार ठरतोस. डिफेंडरची जात अशीच जगते, तो म्हणाला, नाहीतर आमच्यातला एकही जण सीझन पुरा करणार नाही.

"म्हणजे एप्रिलमध्ये मी खोटं बोलत नव्हते," मंजुषा म्हणाली.

"मी ते कुणापुढे कबूल करणार नाही."

"मग या वेळी खरी परीक्षा दे. सगळे शब्द म्हण. नाहीतर ही युक्ती मी हिशामना सांगते, आणि मग तुझा करार कसा होतो ते बघू."

आता मात्र त्याने सायकल थांबवली. त्याचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला की बाराच्या बारा महिने काय, सगळं पंचांग उलटं म्हणून दाखवतो. डॉक्टरला बोलाव, नोमानला बोलाव. आणि मार्क पुरे आले की पुऱ्या टीमसमोर तू माझी माफी मागायची, एप्रिलच्या मॅचसकट. मंजुषा म्हणाली, मागेन. ती मनातून खूष होती. पुरे मार्क मिळाले की आधीचे सात खोटे होते हे आपोआप सिद्ध होणार. आणि परत सातावर थांबला तर ती त्याला तिथल्या तिथे पकडणार. कुणीकडूनही जीत तिचीच होती.

परीक्षेच्या सकाळी कॉर्मक दाढी करून, इस्त्रीचा टीशर्ट घालून आला. नीट झोपलो, असं त्याने न विचारता सांगितलं. खोलीत एसी घरघरत होता. डॉक्टर हिशाम कोपऱ्यात चहा घेत बसले, नोमान दाराशी स्टुलावर. मंजुषाने नवे शब्द घेतले आणि सावकाश वाचले: साबण, घोडा, मेणबत्ती, खुर्ची, मध, पूल, कात्री, शाळा, दगड, टोपी.

"साबण," कॉर्मक म्हणाला. "घोडा. मेणबत्ती." मग थांबला. छताकडे बघितलं. "दगड. टोपी." आणि हाताची घडी घालून बसला.

"पुढे?"

"झाले की."

नियमाप्रमाणे तेच शब्द तीनदा वाचायचे असतात. दुसऱ्या वेळी त्याने पुन्हा तेच पाच म्हटले आणि वर 'पाव' म्हणाला. पाव यादीत नव्हताच. तिसऱ्या वेळी तो पुढे वाकून, तिच्या ओठांकडे बघत ऐकत होता. पुन्हा पाचच. महिन्यांना तो उत्साहाने लागला. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, आणि तिथून सप्टेंबर, ऑक्टोबर करत पुन्हा वर चढला. एका पायावर मात्र खांबासारखा उभा राहिला, डोळे मिटून, जराही न हलता.

मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातावरून पाचावर! म्हणजे हा माणूस तिला डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत वेडी ठरवायला निघाला होता.

"बास झालं नाटक," ती म्हणाली. "डॉक्टर, हा मुद्दाम करतोय. दर वर्षी करतो. माझ्यासमोर त्याने कबूल केलंय."

ती त्याच्या उत्तराची वाट बघत राहिली. हा माणूस कधी गप्प बसायचा नाही. पण तो खुर्चीच्या कडा धरून बसला होता आणि त्याच्या कपाळावर, त्या थंडगार खोलीत, घाम आला होता.

"मी नाटक करत नाहीये," तो म्हणाला. आवाज इतका लहान होता की डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

मंजुषाने मनातल्या मनात शब्द पुन्हा ओळीने लावले. साबण, घोडा, मेणबत्ती आले होते. दगड, टोपी आले होते. शेवटचे आले होते, आणि मधले गेले होते. खुर्ची, मध, पूल, कात्री, शाळा. त्याने गाळले नव्हते, ते त्याच्यापाशी नव्हतेच. सापळा तिने लावला होता आणि तो उंदीर म्हणून आत शिरला होता, हे खरं. पण आत जे सापडलं ते तिला नको होतं. कुणालाच नको होतं.

तिने डॉक्टरांना आणि नोमानला जरा बाहेर बसायला सांगितलं.

दार लागलं तसं कॉर्मक म्हणाला की पुन्हा वाच. तिने वाचले. त्याने पाच म्हटले. पुन्हा वाच म्हणाला. तिने वाचले, या वेळी एकेक शब्द सुटा करून, शुभ्राला पाढे शिकवताना म्हणायची तसे. त्याला 'मध' सापडला, त्याने आनंदाने तिच्याकडे बघितलं, आणि त्या आनंदात घोडा निसटला. मग त्याने वाचायला सांगितलं नाही. किती वर्षं तो मोजून सातावर थांबत आला होता, आणि कधीतरी, त्याला न कळवता, त्याचं खरं डोकं त्या खोट्या साताच्या खाली उतरलं होतं. एप्रिलमध्ये सात आले ते नाटकाने आले, की नशिबाने, की तेव्हा खरोखर तेवढेच उरले होते, हे आता त्यालाही सांगता येणार नव्हतं.

मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज पुन्हा नेहमीसारखा टणक झाला होता. "तू बरोबर होतीस. मी नाटक करत होतो. बाहेर जाऊन सांग."

"कॉर्मक."

"सांग त्यांना, मी लबाड आहे. पकडलंस मला. एप्रिललाही मीच खोटं बोललो, तेही सांग, मी टीमसमोर कबूल करतो. मग दोन दिवसांनी परीक्षा दे म्हणतील. मी देईन. शब्द आधी मला दे, मी पाठ करतो."

मंजुषा बाहेर आली. व्हरांड्यात ऊन नुसतं आग ओकत होतं. डॉक्टर आपल्या खोलीत गेले होते. नोमान भिंतीच्या सावलीला उभा होता आणि दारातून आलेलं कॉर्मकचं कबुलीचं बोलणं त्याने ऐकलं होतं. तो तिच्याशी मराठीत, खाली आवाजात बोलू लागला.

"ताई, माणूस स्वतःहून कबूल करतोय, तुमचा शब्द खरा झाला. घ्या की. नाटक केला म्हणून त्याला दंड लावू, परत टेस्ट घेऊ, तो पास होईल. तुमची इज्जत राहिली, त्याची नोकरी राहिली. अजून काय पायजे?"

काहीच नको होतं. खरंच, गेले चार महिने तिला हेच तर हवं होतं. कॉर्मक ड्वायर टीमसमोर उभा राहून म्हणणार की मी खोटारडा, ही बाई खरी. जेवणाचं ताट आयतं वाढून समोर ठेवलं होतं. आणि मग सप्टेंबरात, पहिल्याच कॉर्नरला, तो ते डोकं घेऊन पुन्हा उडणार. तिच्या कानांत त्या दोन कवट्यांचा आवाज पुन्हा आला. आपण चिडलो नसतो तर हे पाचही पहिल्या दिवसाचे मार्क म्हणून कागदावर चढले असते आणि कुणाला कधी कळलं नसतं, हेही तिला त्याच क्षणी कळलं. त्याचं तिला काय वाटावं हे मात्र तिला कळेना.

ती नोमानला म्हणाली, "नाटक नव्हतं, नोमानभाई. आणि हे तुमच्या माझ्यात आणि डॉक्टरांत राहील. पोरांपैकी कुणाला कळलं तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

नोमानने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हबकून मान हलवली.

ती आत गेली. कॉर्मक जागचा हलला नव्हता. तिने त्याला सांगितलं की मी असं काही सांगणार नाही. आज पहिल्यांदा तू परीक्षा खरी दिलीस. डॉक्टर तुला मोठ्या हॉस्पिटलात पाठवतील, मेंदूची तपासणी होईल, आणि ती होईपर्यंत मी तुला मैदानात जाऊ देणार नाही. मला वाटतं, नंतरही नाही.

तो उठला. एवढा मोठा गडी तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा तिला वाटलं, हा आता हात उगारणार. त्याने हात उगारला नाही. तो म्हणाला की तुझ्यासारख्या बाया जन्मात कुठल्या मैदानावर उतरत नाहीत आणि उतरलेल्यांना बाहेर काढण्यात धन्यता मानतात. देव करो आणि तुझ्या हातचं काम असंच कुणीतरी काढून घेवो. आणखीही बरंच बोलला. मंजुषाने सगळं ऐकून घेतलं.

तपासणी झाली, आणि मंजुषाची भीती खरी ठरली. डॉक्टर हिशाम रिपोर्ट घेऊन तिच्याशी बोलायला आले तेव्हा त्यांनी बसूनही घेतलं नाही. करार झाला नाही. टीमला फक्त एवढंच सांगण्यात आलं की मेडिकल जमलं नाही, आणि उरलेली कथा कॉर्मकने स्वतः पुरवली. मँडीने एप्रिलचा डूख धरला, तो खोलीखोलीतून सांगत फिरला. गुडघ्याचं निमित्त केलं, म्हणाला. त्याचे गुडघे उत्तम होते हे पोरांना माहीत होतं. त्यामुळे राग दुप्पट झाला. मंजुषा खोलीत शिरली की गप्पा थांबू लागल्या. आता तिला कुणी 'डॉक्टर' म्हणत नव्हतं. नोमान तिच्याकडे केविलवाण्या नजरेने बघायचा आणि ती त्याला डोळ्यांनीच दटावायची.

शेवटच्या दिवशी तो सामान न्यायला आला. प्रॅक्टिस सुरू व्हायची होती, ऊन कलत होतं, सगळी टीम बुटांच्या नाड्या बांधत व्हरांड्यात बसली होती. मंजुषा बर्फाची पेटी घेऊन बाहेर आली आणि त्याच्या समोरच आली. परत फिरायला जागा नव्हती.

कॉर्मकने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"या सगळ्यांसमोर सांग," तो मोठ्याने म्हणाला. "एप्रिलचा सूड घेतलास ना? नसशील घेतला तर सांग, का काढलंस मला."

नाड्या बांधणारे हात थांबले. मंजुषाने त्याच्याकडे पाहिलं. आवाज भांडणाऱ्याचा होता, पण डोळे वेगळंच बोलत होते, आणि त्या डोळ्यांत ती आजवर कधी न पाहिलेली भीती होती. ती खरं बोलेल याची भीती. खरं तिच्या ओठांवर होतं. एका वाक्यात ती निर्दोष सुटली असती आणि तो जन्माचा दुबळा ठरला असता. नगरसेवकाला रांगेत उभं करणारी ती बाई पेटी धरून उभी राहिली.

"हो," ती म्हणाली. "घेतला सूड."

कुणीतरी अरबीत शिवी हासडली. एकजण जमिनीवर थुंकला. नोमान तिच्या मागे येऊन कळवळून पुटपुटला की ताई, हे काय बोललात, उद्या ऑफिसात पोचेल. ती म्हणाली, पोचू दे.

कॉर्मक आणखी थोडा वेळ तिच्याकडे बघत होता. मग त्याने बॅग उचलली, प्रत्येक पोराच्या पाठीवर थाप मारली, आणि दारातल्या गाडीकडे जायचा जवळचा रस्ता सोडून तो मैदानात उतरला. गोलच्या तोंडापासून, जिथे तो उभा राहायचा तिथून, मधल्या वर्तुळातून, पलीकडच्या गेटापर्यंत तो आडवा चालत गेला. सगळी टीम उभी राहून टाळ्या वाजवत होती. मंजुषाने पेटी खाली ठेवली नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. तो सरळ चालतोय ना, एवढंच ती गेटापर्यंत बघत राहिली.